पहाऱ्यातला खंड

माघ महिन्यात वाडीच्या मारुतीपुढे सप्ता बसतो. मांडव पडतो, कर्णा बांधला जातो आणि मांडवाच्या मधोमध वीणा उभी राहते. वीणा उभी राहते म्हणजे ती गळ्यात घेऊन माणूस उभा राहतो. सप्ता उठेपर्यंत ती भुईला टेकत नाही आणि तिच्यासोबतचं रामकृष्णहरी थांबत नाही. एकाचा पहारा सरला की दुसरा पुढे होतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, आणि त्या वाकण्या-उठण्यातही नामाचा धागा कुणीतरी एकजण दातांत धरून ठेवतोच. कीर्तनाला येणारे महाराज मोठे असतात, गाडीतून उतरतात, तीन तास माणसाला हसवून रडवून जातात. पण सप्त्याचा जीव त्या वीणेत.

पहाटेचा पहारा भागवतआबांचा. आधी त्यांच्या वडलांचा होता. हा पहारा कुणी हौसेनं मागत नाही. थंडीनं टाळ हाताला डसतात, काकडा आटोपला की मंडळी चहाला पांगते, आणि मांडवात उरतो विणेकरी, त्याच्या जोडीचा टाळकरी आणि मारुती. आबांना ते एकटेपण गोड लागायचं. वाडीत त्यांची ओळखच एका शब्दाची होती. तब्येत कशी विचारा, दूध घालणं चालू आहे का विचारा, आबा म्हणायचे, "खंड न्हाई."

नातीबद्दल विचारलं तर तेच, फक्त छाती जरा पुढे काढून.

रोहिणी त्यांच्या उत्तरेश्वराची लेक. उत्तरेश्वर आणि सून मंगल दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, ते पाडव्याच्या सुमाराला परत. मागे घरी आबा आणि रोहिणी. बारावीनंतर पोरीनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं होतं. ट्रॅक्टरवर बोचकी चढवताना उत्तरेश्वर म्हणाला होता, "यंदाच्या मैदानीत निघाली तर निघाली. न्हाईतर आलो की उजवून टाकतो. पाटोद्याकडचं स्थळ हाय. पोरगं कष्टाळू हाय." कष्टाळू पोरगं म्हणजे काय, ते वाडीत लहान लेकरालाही कळतं. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. रोहिणीचं लग्न झालं की पुढच्या हंगामात एक कोयता वाढला, एवढाच हिशेब. आणि मैदानी, म्हणजे भरतीची पळण्याची परीक्षा, शिमग्याच्या आधी होती.

म्हणून आबांनी पोरीचं पळणं अंगावर घेतलं. पहाटे तिच्या अंथरुणाशी उभं राहून म्हणायचे, "ऊठ रोहे. खंड पडंल." ती उठायची, बुटाच्या नाड्या आवळायची आणि फाट्याच्या दिशेनं निघायची.

सुरुवातीला तर ती आबांच्या आधी उठायची. एकदा शेळीचं दूध काढता काढता आबांनी सहज विचारलं होतं, "काय वाटतं गं एवढं पळताना?" पोरगी खुळ्यासारखी बोलत सुटली. पहिल्यांदा सगळं अंग भांडतं म्हणाली. पोटरी म्हणती थांब, छाती म्हणती थांब, मन तर दहा सबबी काढतं. मग वड्याच्या पुढं कुठंतरी भांडण मिटतं. "कसं ते कळत न्हाई आबा. भजनात बघा, आधी ज्याचा त्याचा सूर इकडं तिकडं असतो, मग एकदम टाळ जमतो. तसं. मग मी पळत नसते, पळणं चालू असतं आन् मी त्यात असते."

आबांना हे एवढं भावलं की त्यांनी ते जो भेटेल त्याला सांगितलं. कार्तिकात शेजारच्या गावी कीर्तन होतं, तिथल्या महाराजांनाही सांगितलं. आणि महाराजांनी ते भर कीर्तनात घेतलं. "अरे, तुमच्या पंचक्रोशीत एक लेकरू हाय, रोज पळतं, एक दिवस खंड न्हाई. तुमच्या नामाला हाय का असा नेम?" बायकांनी माना वळवून रोहिणीकडे बघितलं. आबांचे डोळे भरून आले. रोहिणी खाली सतरंजीकडे बघत बसली होती. आबांना वाटलं, लाजली.

माघ उजाडला. यंदाच्या सप्त्याचा मधला दिवस होता. काकडा झाला, मंडळी पांगली. रोहिणी नेहमीसारखी मांडवाबाहेरूनच वीणेला हात जोडून, आबांची जुनी घोंगडी पाठीवर टाकून, फाट्याकडे गेली होती. पळायला घोंगडी कशाला, हे आबांनी कधी विचारलं नव्हतं. थंडी होती. आबा पावलापुरते पुढे-मागे होत रामकृष्णहरी म्हणत होते. जोडीला सटवा, टाळ घेऊन. सटवा पोटाचा कच्चा.

"बुवा," तो कुजबुजला, "मी जरा जाऊन येतो."

आबांनी नामातूनच भुवई उंचावली.

"आता काय सांगू, राच्च्याला आमटी लई झाली." सटवानं टाळ खांबाला अडकवले आणि टमरेल घेऊन तो मागच्या बांधापलीकडे पळाला.

तांबडं फुटत होतं. उसाच्या ट्रॅक्टरची एक रांग गाणी लावून गेली, मग शांत झालं. आणि फाट्याकडचं दूध गोळा करून नेकनूरला घालायला निघालेला सोमनाथ मोटरसायकलीवरून मांडवासमोर आला, जरा हळू झाला, आणि कॅनच्या खडखडाटातून ओरडला, "ओ आबा, रोहिणीचा बूट फाट्याच्या अलीकडं रोडच्या मधी पडलाय. एकच हाय. ती काय दिसली न्हाई."

आणि गेला. त्याला वाटलं असावं, आबा ऐकून कुणालातरी सांगतील. कुणाला? मांडवात मारुती होता.

आबांचं तोंड रामकृष्णहरी म्हणत होतं. डोक्यात एकच चित्र उभं राहिलं. ट्रॅक्टरची रांग, दोन-दोन ट्रॉल्या, गाणी, अंधार, आणि रस्त्याच्या मधोमध एक बूट. पायातून बूट कधी निघतो हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी सटवाच्या दिशेनं बघितलं. कुणी नाही. हाक मारावी तर नाम तुटतं. कर्ण्याचा माईक काकड्यानंतर बंद केलेला. घरं मारुतीच्या मागे, लांब.

वीणा खाली ठेवायची नाही. जागा सोडायची नाही. या दोन गोष्टी त्यांना आपलं नाव माहीत व्हायच्या आधीपासून माहीत होत्या. वडलांच्या पहाऱ्यात एकदा विंचू डसला होता, तरी ते हलले नव्हते. ही गोष्ट आबांनी शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा सांगितली होती.

पण पाय त्यांना न विचारताच मांडवाबाहेर पडले होते.

हे आबांना रस्त्याचे खडे पायाला टोचले तेव्हा कळलं. ते अनवाणी होते, गळ्यात वीणा होती, आणि ते पळत होते. जन्मात ते कधी असे पळाले नव्हते. बैलामागं चार पावलं, एस.टी.मागं दहा, तेवढंच. आता धोतराचा सोगा एका हातात, वीणेचा दांडा दुसऱ्या हातात, आणि भोपळा दर पावलाला बरगडीवर आपटत होता. आधी नाम चालू होतं. राम म्हणताना एक पाऊल, कृष्ण म्हणताना एक. मग श्वासच पुरेना. मग नाम कुठे गळालं ते कळलंही नाही. उरला नुसता धापांचा आवाज, आणि तो आवाज आपला आहे हे पटायला त्यांना वेळ लागला.

अंग भांडायला लागलं. गुडघा म्हणाला, बस. छातीत कळ आली. आणि मन, ज्या मनाला ते आयुष्यभर नामाच्या खुंटीला बांधून आले होते, ते मन म्हणालं, भागवता, परत फीर, अजून कुणी बघितलं नसंल. आबांना स्वतःचीच किळस आली. पोर तिकडं मेली असेल आणि हे मन वीणेची अब्रू मोजतंय. ओढा गेला. भांडण काही मिटलं नाही. त्यांचं नुसतं पुढे जाणं चालू राहिलं, ठेचाळत, खोकत, मधेच चालत, पुन्हा पळत.

बूट दिसला. डाव्या पायाचा. रस्त्याच्या अगदी मध्यावर, पालथा. आबा त्याच्यावर झेपावल्यासारखे वाकले. रक्त आहे का बघितलं. नव्हतं. नाडी कुरतडल्यासारखी होती. त्यांनी बूट छातीशी धरला आणि चहूकडे बघत ओरडले, "रोहे."

आवाज फुटला नाही, नुसती घरघर आली. पण फाट्यावरच्या प्रवासी निवाऱ्यातून कुणीतरी उठून उभं राहिलं. घोंगडी पांघरलेलं. एका पायात बूट, एका पायात मोजा.

"आबा?" रोहिणी म्हणाली. "तुमी? पहारा?"

आबा जवळ गेले. तिचं डोकं चाचपलं, दोन्ही हात, कोपर, गुडघे. सगळं जागच्या जागी होतं. अंग कोरडं होतं. घामाचा टिपूस नव्हता. निवाऱ्याच्या बाकावर मोबाईल होता, पाण्याची बाटली होती, आणि बाजूला ओल्या मातीचं एक ढेकूळ होतं, त्यावर बोटं घासल्याच्या खुणा.

"बूट," आबा म्हणाले.

"कुत्र्यानं नेला, अंधारात घावला न्हाई. मी काढून ठेवलते. माती लावायला..." ती मधेच थांबली.

माती लावायला. आबांच्या डोक्यात ते दोन शब्द कितीतरी वेळ नुसते फिरत राहिले, गिरणीत खडा फिरावा तसे. रोज घरी आल्यावर तिचे बूट मातीनं भरलेले असायचे आणि ते स्वतः ओसरीत बसून फडक्यानं पुसायचे. पुसताना नाम घ्यायचे. तिच्या तोंडावर पाण्याचे थेंब असायचे, त्यांना ते घाम वाटायचे.

"तू पळत न्हाईस?"

"न्हाई."

"आज न्हाई का..."

"आजचं न्हाई आबा. कापूस वेचणी चालू होती तवापासून."

आबा बाकावर बसले. रोज संध्याकाळी मंगलचा फोन यायचा. फडातून, मागे ट्रॅक्टरचा आवाज. "मामा, पळतीया का पोरगी?" आणि आबा म्हणायचे, "रोज. खंड न्हाई." दिवसभर ऊस तोडलेली बाई त्या दोन शब्दांवर झोपत होती.

"कावून गं?" त्यांनी विचारलं. रागावायचं होतं, पण आवाजात राग सापडेना.

रोहिणी समोर उकिडवी बसली. "महाराजांच्या कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या पोटात दुखत होतं. बाईमाणसाचं दुखणं. तुमाला काय सांगू? निघाले तशी, पण वड्यापर्यंत पण जाववंना. हितं येऊन बसले आन् परत आले. तुमी म्हनलात, झालं का? मी म्हनलं, झालं." ती जमिनीवर बोटानं रेघ ओढत होती. "दुसऱ्या दिवशी बरी होते. उठले. पण पायात दमच न्हाई. वाटलं, आता काय, मोडलंच की. सगळ्या लोकांम्होरं महाराज म्हनले खंड न्हाई, आन् दुसऱ्याच दिवशी पडला. फुटलेल्या घागरीत पानी भरल्यागत वाटायलं. मग तिसरा दिवस. जेवढे दिवस जायलेत तेवढं अवघड व्हायलंय."

"मला सांगायचं."

"काय सांगायचं? तुमी मला उठवताना काय म्हनता आबा? पळून ये म्हनता का? तुमी म्हनता, खंड पडंल." तिनं ओढलेली रेघ तळहातानं पुसली. "मला पळायला लई आवडायचं. खरंच. मग ते तुमचं झालं. मग पप्पाच्या त्या स्थळाचं झालं, मग महाराजाचं झालं. माझं त्यात कायच राह्यलं न्हाई."

ही पोर हे सगळं रडून बोलली असती तर आबांना सोपं गेलं असतं. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं असतं. ती कोरड्या डोळ्यांनी बोलत होती, आणि आबांना वाटत होतं की हिला आपण पहिल्यांदाच बघतोय. वीणेला जो नियम लावायचा तो त्यांनी लेकराला लावला होता. वीणेला पोट दुखत नाही. वीणा तरी कधी एका माणसाच्या गळ्यात सात दिवस असते का? दर पहाऱ्याला नवा माणूस येतो म्हणून ती अखंड. आणि ही एकटी पोर.

रोहिणी एकदम उठून उभी राहिली. "आबा. वीणा."

आबांनी खाली बघितलं. भोपळ्याला एक लांब तडा गेला होता. त्यात डांबराची खडी रुतली होती. बूट उचलताना. बूट उचलताना ती रस्त्यावर आपटली होती, टेकली होती, आणि त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. अजूनही त्यांच्या एका कुशीत वीणा होती आणि दुसऱ्या कुशीत तो चिखलाचा बूट, दोन्ही सारखीच घट्ट धरलेली.

ते बघत राहिले. रडू आलं नाही. तोंड उघडं पडलं होतं आणि ते मिटायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"चला," रोहिणी म्हणाली. "मांडवात कुनी न्हाई."

परतताना दोघंही चालत होते. अर्ध्या वाटेवर आबा म्हणाले, "तू पडलतीस म्हनू." म्हणाले आणि त्यांना आपल्याच जिभेचं आश्चर्य वाटलं. "ट्रॅक्टरनं हूल दिली, पडलीस, मी पळालो. लोकं काय म्हनायचे न्हाईत. जिवापुढं काय."

रोहिणीनं मान हलवली. "लंगडते मग." आणि ती लंगडायला लागली. सराईतपणे. आबांना तिच्याकडे बघवेना. एवढे दिवस तिनं घाम आणला होता, माती आणली होती. आता लंगडणं तिला काय जड. आणि हे शिकवलं कुणी, तर आत्ता आपणच.

मांडवापुढे माणूस जमलं होतं. सटवा टमरेल हातात घेऊन तसाच उभा होता आणि सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होता, "मी ह्यो गेलो आन् ह्यो आलो. बघतो तर बुवा न्हाईत, वीणा न्हाई. मला वाटलं चोरी झाली."

"वीणेची चोरी कोन करतंय बे," कुणीतरी म्हणालं.

"तेच की. म्हनून म्हनलं बुवाच गेले असतील निजधामाला."

"आन् वीणा घेऊन गेले व्हय? आधी ते टमरेल ठेव खाली."

अर्जुनराव पुढे झाले. वाडीची निम्मी जमीन त्यांची, सप्त्याचा मांडव त्यांचा, शेवटच्या दिवशीची पंगत त्यांची. पण माणूस भाविक. पहाऱ्याची रिकामी जागा बघून त्यांचा चेहरा उतरला होता. ते हळूच म्हणाले, "बुवा, काय झालं? कुनाचं काय बरंवाईट?"

लोकांची नजर लंगडणाऱ्या रोहिणीवर गेली. बायका चुकचुकल्या. "अगं बाई, लागलं का पोरीला?" वाट मोकळी झाली होती. आबांनी फक्त मान हलवायची होती.

"पोरीचं पोरगी सांगल," आबा म्हणाले. "माझं मी सांगतो. पहाऱ्याची जागा मी सोडली. नाम तुटलं. आन् वीणा रोडवर टेकली. हे बघा." त्यांनी भोपळा वळवून दाखवला. "खंड पडला."

मांडवात असं काही कुणी कधी ऐकलं नव्हतं. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. आणि रोहिणी, जी एक पाय ओढत होती, ती दोन्ही पायांवर सरळ उभी राहिली. ते बघून मघाच्या चुकचुकणाऱ्या बायका एक पाऊल मागे सरल्या.

"मला काय लागलं न्हाई," ती म्हणाली. "मी पळतच नव्हते. लई दिवस झाले. आबाला म्हाईत नव्हतं."

मग जो गलका झाला तो झाला. अर्जुनराव म्हणाले, सप्ता भंगला, पहिल्यापासून बसवायला पाहिजे. कुणी म्हणालं, पहिल्यापासून कसा, महाराजांच्या तारखा घेतल्यात, ते शेवटचे महाराज तर दोन वर्षं आधी सांगितल्याशिवाय मिळत नाहीत. कुणी म्हणालं, होम करा. कुणी म्हणालं, होम केला तर सप्त्याची यज्ञसमाप्ती होईल, शास्त्रात बसत न्हाई. सटवा म्हणाला, चूक माझ्या पोटाची हाय, दंड मला करा. त्याला दोघांनी गप्प बसवलं. एकजण आबांवर धावून आला, "तुमच्या बापाला इंचू डसलता बुवा, तरी जागचा हालला न्हाई मानूस." आबांनी मान खाली घातली. ते खरंच होतं.

ऊन मांडवाच्या कनातीवर आलं. भांडण रंगत चाललं. वीणा आबांच्या गळ्यातच होती; ती घ्यायला कुणी पुढे येत नव्हतं आणि ठेव म्हणायचंही कुणाला धाडस नव्हतं. आबा नुसते ऐकत होते. मधेच त्यांनी मान वर केली तर रोहिणी त्यांच्याकडेच बघत होती. काही मागत नव्हती. फक्त बघत होती, की आता हा म्हातारा काय करतो. आणि आबांच्या ध्यानात आलं. मघापासून इथे कुणीच नाम घेत नव्हतं. पडलेला खंड केवढा होता? ते फाट्यापर्यंत गेले आणि आले, तेवढा. आणि आता सगळे मिळून, भाविक माणसं, त्याला वाढवत चालले होते. असाच तो त्या निवाऱ्यात वाढला असणार, रोज थोडा थोडा, पोरीच्या आणि मातीच्या ढेकळाच्या मधे.

आबा पहाऱ्याच्या जागेवर जाऊन उभे राहिले. तार छेडली. तडा गेलेल्या भोपळ्यातून भसाडा, फाटका आवाज आला. "रामकृष्णहरी," ते म्हणाले. घसा पळून पळून सुकला होता. सूर लागला नाही.

"बुवा, थांबा," अर्जुनराव म्हणाले. "अजून काय ठरलं न्हाई."

आबा थांबले नाहीत. कुणी साथ दिली नाही. आयुष्यात त्यांना नाम कधी एवढं जड गेलं नव्हतं; प्रत्येक वेळी वाटे, आता पुढचं म्हणूच नये, आणि प्रत्येक वेळी ते म्हणत. भक्ती वगैरे काही दाटून आली नव्हती. आधीच्या सगळ्या वर्षांचं पुण्य पाठीशी असल्यासारखंही वाटत नव्हतं. फक्त पुढचं एक नाम होतं. बऱ्याच वेळानं सटवानं टमरेल ठेवलं, हात धुतले आणि खांबावरचे टाळ काढले. त्याचा ठेका चुकत होता.

दुपारी ठरलं. नवी वीणा नेकनूरहून आणायची, सप्ता पुढे चालू ठेवायचा, आणि भागवतबुवांना पहारा द्यायचा नाही. यंदाही नाही, पुढेही नाही. अर्जुनरावांनी ते घरी येऊन सांगितलं. डोळे वर न उचलता सांगितलं. आबा म्हणाले, "बरोबर हाय." दार लावल्यावर ते भिंतीला टेकून बसले, आणि पहाट झाल्यावर माणूस उठून करतो तरी काय, याचाच विचार करत राहिले.

संध्याकाळी मंगलचा फोन आला. "मामा, पळतीया का पोरगी?"

आबांनी मोबाईल रोहिणीच्या हातात दिला. "तिलाच इचार."

रोहिणीनं सांगितलं. सगळं, पोट दुखल्यापासून. पलीकडे ट्रॅक्टर सुरू झाला, कुणीतरी मोळी बांधायला हाक मारली. रोहिणीनं फोन लागलाय का ते बघितलं. मग मंगल म्हणाली, "तुज्या पप्पाला मी आज सांगत न्हाई. शिमग्याला अजून वेळ हाय." आणि फोन ठेवला. ती ओरडली नाही, हे दोघांनाही सोसवलं नाही.

दुसऱ्या पहाटे आबांना सवयीनं जाग आली. रोहिणी भिंतीकडे तोंड करून पडली होती. जागी होती, श्वासावरून कळत होतं. आबांच्या ओठांवर ते शब्द आले. ऊठ रोहे. त्यांनी ते गिळले. एवढं गिळणं त्यांना कधी शिकवलं नव्हतं. मांडवाकडून दुसऱ्या कुणाचा तरी रामकृष्णहरीचा आवाज येत होता, नव्या वीणेचा. ते पडून राहिले. ती उठली नाही. त्याच्या पुढच्या पहाटेही उठली नाही. बूट ओसरीत होते, एकाची नाडी कुरतडलेली. आबांनी ते पुसले नाहीत. हात शिवशिवले, पण पुसले नाहीत. मैदानी जवळ येत होती आणि ते गप्प होते, आणि या गप्प राहण्याचीच त्यांना भीती वाटत होती. आपण हिला मोकळं करतोय की टाकून देतोय, हे काही केल्या कळेना.

काल्याचा, सप्ता उठायचा दिवस आला. महाराजांनी दहीहंडीचा प्रसंग असा उभा केला की लोक रडले, मग हसले, मग हंडी फुटली. पंगत बसली. पहारा नसला तरी वाढायला आबांना कुणी अडवलं नाही. भर दुपार होती. रस्त्याकडेच्या रांगेत ते आमटीची बादली घेऊन वाकून वाढत होते. सटवा पत्रावळीवर भाताचं आळं करून बसला होता.

"ही कोन बे," रांगेतला एकजण घास हातात धरून म्हणाला, "उन्हात पळतीया?"

माना वळल्या. आबांनी नुसतं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. रस्त्यावर, दुपारच्या लाहीत, ओढणी कमरेला बांधून एक पोर ओढ्याच्या दिशेनं चालली होती. पळणं म्हणावं असं ते नव्हतं. थोडी पळायची, कमरेवर हात ठेवून थांबायची, वाकायची. मग चालायची. लोक बघताहेत हे तिला दिसत असणारच. मधे एकदा ती परत फिरल्यासारखी झाली, तिथंच उभी राहिली. मग पुन्हा ओढ्याकडेच निघाली.

"बुवा, तुमची रोहिणी का काय ती?" सटवा म्हणाला. "येळ हाय का ही पळायची? सगळी वाडी जेवायली आन्..."

"असंल," आबा म्हणाले.

त्यांनी तिकडे पुन्हा बघितलं नाही. वाकलेलेच राहिले, पळी बादलीत घालून सटवाच्या आळ्यात ओतत राहिले. आळं फुटलं, आमटी पत्रावळीवरून निघाली आणि त्याच्या धोतरापर्यंत गेली, तरी त्यांचा हात थांबला नाही.

"बुवा, बास की," सटवा म्हणाला.